फौजेची जुनी पिशवी

मुलांनो, शाळेचे शिबिर ठरले किंवा गडावर मुक्कामाला जायचे ठरले, की पहिला प्रश्न पडतो तो पिशवीचा. चढणीवर दोन्ही हात मोकळे असावे लागतात. म्हणून सामान पाठीवरच हवे. दुकानातील नवी सॅक सगळ्यांनाच परवडत नाही. अशा वेळी जुन्या बाजारात मिळणारी एक मजबूत वस्तू उपयोगी पडते. ती म्हणजे फौजेची कॅनव्हासची पाठपिशवी. फौजेत तिला ‘पिट्ठू’ म्हणतात.

लष्कराचे वापरून झालेले सामान लिलावात विकले जाते. ते व्यापाऱ्यांच्या हातून पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी येते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि हिंदी सैनिक ‘१९३७ पॅटर्न’ नावाचे साहित्य वापरीत. त्यातील पिशव्या आणि पट्टे जाड सुती विणीचे होते. त्यांना पितळी बकले होती. पुढच्या काळातील पिशव्याही अशाच दणकट बनत. पण त्या सैनिकाच्या गरजेसाठी बनलेल्या असतात. आपल्या गरजेसाठी त्यांत थोडे बदल करावे लागतात.

विकत घेण्यापूर्वी पिशवी नीट तपासा. कापड उजेडासमोर धरा, म्हणजे भोके दिसतील. दोन्ही हातांनी ते ताणून पाहा. कुबट वास येत असेल आणि कापड ताणताच फाटत असेल, तर ते कुजलेले आहे. अशी पिशवी घेऊ नका. एखादे बकल तुटले असेल तर मात्र काळजी नको. ते बदलता येते.

पिशवी घरी आणल्यावर थंड पाण्याने आणि ब्रशने धुवा. गरम पाण्यात सुती कापड आटते. धुतल्यावर ती सावलीत वाळवा. तिच्यावर सैन्याचे चिन्ह किंवा बिल्ला असेल तर उसवून टाका. आपण सैनिक आहोत असे लोकांना भासवणे हा कायद्याने गुन्हा आहे.

आता पट्ट्यांकडे वळू. जुन्या पिशवीचे पट्टे अरुंद असतात. ते खांद्यांत रुततात. चार सेंटिमीटरचा पट्टा आठ सेंटिमीटर रुंद केला, की तेच वजन दुप्पट जागेवर पसरते आणि दाब निम्मा होतो. त्यासाठी जुन्या घोंगडीचे दोन पदर घ्या, त्यावर जाड कापडाचे अस्तर चढवा आणि ही गादी पट्ट्याखाली शिवा. ‘अस्तर’ हा शब्द उर्दूतही आहे!

पट्टा जिथे पिशवीला जोडलेला असतो, तिथे सर्वांत जास्त ताण पडतो. अवघड वाटेवर तो तुटला, तर तोल जाऊन माणूस पडू शकतो. म्हणून तिथे आतून कॅनव्हासचा एक तुकडा लावा. मग नायलॉनच्या दोऱ्याने चौकोनी शिवण घाला आणि चौकोनाच्या आत फुली शिवा. त्यामुळे ताण एकाच टाक्यावर न येता अनेक टाक्यांवर वाटला जातो. घरच्या मशीनवर इतके जाड कापड शिवले जात नसेल, तर हे काम चपला शिवणाऱ्या कारागिराकडून करून घ्या. त्याच्या आरीपुढे कॅनव्हास काहीच नाही.

कमरेला बांधायचा एक पट्टाही जोडा. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला, की खांद्यांवरचा बराच भार कमरेवर येतो. पाण्याची बाटली मावेल एवढा एक खिसा बाजूला शिवा. तळाशी दोन नाड्या लावा. त्यांत सतरंजीची वळकटी बांधता येईल.

पावसाचे काय? कॅनव्हास भिजला की त्याचे धागे फुगतात. पाणी काही वेळ अडते, पण नंतर आत शिरते आणि पिशवी जड होते. यावर सोपा उपाय मेणाचा. साधी मेणबत्ती कापडावर घासा. शिवणींवर दोनदा घासा. मग जुने सुती फडके वर ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मेण वितळून धाग्यांच्या फटींत बसते. हे काम मोठ्या माणसांना सोबत घेऊनच करा. मेण लावलेले कापड चटकन पेट घेते, म्हणून ही पिशवी चुलीपासून आणि शेकोटीपासून दूर ठेवा. एवढे करूनही कपडे आणि अंथरूण प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत गुंडाळूनच भरा. डोंगरावर रात्री ओल्या पांघरुणात थंडी भरते आणि आजारी पडायला वेळ लागत नाही.

भरण्याचीही एक रीत आहे. हलके अंथरूण तळाशी ठेवा. डबा, भांडी, शिधा असे जड सामान मध्ये आणि पाठीला चिकटून ठेवा. ते पाठीपासून लांब गेले, तर पिशवी तुम्हांला मागे ओढते. रेनकोट सगळ्यांत वर ठेवा.

वजन किती असावे? २०२० च्या शालेय दप्तर धोरणाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावे असे सांगितले आहे. हेच माप सहलीलाही लावा. तुमचे वजन चाळीस किलो असेल, तर पिशवी चार किलोंची हवी. त्यात एक लिटर पाण्याचेच एक किलो झाले! जुना कॅनव्हासही हलका नसतो. तेव्हा रिकामी पिशवी आधी तोलून पाहा आणि नको ते सामान घरीच ठेवा.

निघण्याच्या आठवडाभर आधी पिशवी भरून गावातच अर्धा तास चाला. कुठे रुतते, कुठे शिवण ताणते, हे तेव्हाच समजेल. आणि एक जाड सुई व थोडा दोरा खिशात असू द्या. तुम्ही स्वतः दुरुस्त केलेली पिशवी वाटेत उसवलीच, तर ती पुन्हा कशी शिवायची हे तुम्हांला ठाऊक असेल.