दोन ‘डू’, काम एकालाच

‘व्हॉट डू यू डू?’ म्हणजे तुम्ही काय करता, अर्थात पोटापाण्यासाठी. मराठीत ‘करता’ एकदाच आलं, इंग्रजीत ‘डू’ दोनदा. दुसरा ‘डू’ म्हणजे आपलं करणं. पहिल्याला मात्र अर्थच नाही. प्रश्न उभा करायला आणि काळाचं ओझं वाहायला ठेवलेला तो हमाल आहे.

गोची होते ती या हमालापाशी. आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न तयार. इंग्रजीचंही एके काळी या हमालावाचून अडत नसे. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डू’ असलेले आणि नसलेले दोन्ही तऱ्हेचे प्रश्न सापडतात. १६११ च्या बायबलमध्ये तर ‘आय नो नॉट’ असा सरळ नकार आहे. आज तसं बोललात तर समोरचा चमकून बघेल.

आपली नेहमीची चूक म्हणजे ‘डिड यू वेन्ट?’ भूतकाळ ‘डिड’ने उचलला, की पुढे साधा ‘गो’च. ‘शी डझन्ट लाइक्स’चंही तेच, शेवटचा ‘स’ ‘डझन्ट’मध्ये येऊन गेला, तो पुन्हा कशाला? ‘इज’, ‘कॅन’, ‘मस्ट’ यांना हमाल लागत नाही, ते स्वतःच पुढे सरकतात: ‘कॅन यू स्विम?’ आणि ‘कोण आलं?’ विचारताना नुसतं ‘हू केम?’ कारण तिथे ‘हू’ हाच कर्ता.

उत्तराची तऱ्हाही वेगळी. ‘साखर घेता का?’ म्हटल्यावर आपण ‘घेतो’ म्हणतो, म्हणजे विचारलेलं क्रियापदच परत करतो. इंग्रज ‘येस, आय डू’ म्हणून मोकळा होतो.

‘मेक’ आणि ‘डू’ दोन्हींना आपण ‘करणं’ म्हणतो, त्याचा घोळ निराळाच. गृहपाठाला ‘डू’, चुकीला ‘मेक’. काहीतरी नवं घडवलं की ‘मेक’, असं शिकवतात खरं, पण हा नियम फार लांब साथ देत नाही. जोड्या पाठ करणं बरं.

या हमालाची मला आवडणारी करामत शाळेत क्वचितच कुणी दाखवतं. साध्या होकारार्थी वाक्यात त्याला घुसवा आणि आवाजाचा जोर त्याच्यावर द्या. तो आपल्या ‘च’चं काम करतो. ‘आय लाइक इट’ म्हणजे आवडतं, ‘आय डू लाइक इट’ म्हणजे आवडतंच. ‘आय डिड कॉल यू’ म्हणजे ‘अहो, केला होता की फोन!’ आणि पाहुण्यांना ‘डू कम’ म्हटलं, की ‘या हं, नक्की’.