तीस तासांचं इंग्रजी

जूनमध्ये वर्कलोडचा कागद हातात पडतो. त्यात एक ओळ असते: प्रथम वर्ष, इंग्रजी व्याकरण आणि शैक्षणिक लेखन, दोन क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे थिअरीचे १५ तास, म्हणजे हा कोर्स ३० तासांचा. कागदावर ३०. त्यातून गणपतीची सुट्टी वजा करा, अंतर्गत चाचणीचा आठवडा वजा करा, एनएसएसची एखादी फेरी, कुणीतरी पाहुणे वक्ते येणार म्हणून सोडलेले दोन तास. माझ्या हाती दरवर्षी २४ च्या आसपास उरतात. समोर ६० मुलं. कोर्सचा आराखडा या दोन आकड्यांपासून सुरू होतो. पुस्तक कोणतं घ्यायचं, हा प्रश्न बराच नंतरचा.

मी पहिल्यांदा हा कोर्स घेतला तेव्हा सरळमार्गानं गेले. शब्दांच्या जाती, मग काळ, मग प्रयोग, मग डायरेक्ट-इनडायरेक्ट, आणि शेवटच्या युनिटात परिच्छेद व निबंध. दिवाळीच्या तोंडावर शेवटचं युनिट आलं तेव्हा हातात तीन तास होते. मुलांनी गाईडमधला निबंध उतरवला, मी त्यावर लाल रेघा मारल्या, आणि सगळे सुटलो.

चूक क्रमात होती. महाराष्ट्रात मराठी शाळांमधून २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे समोर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलानं नाऊन-प्रोनाऊन निदान तीनदा तरी केलेलं असतं. घरात आजोबांच्या तर्खडकरांच्या पाठमालेचे किंवा दादाच्या ‘रेन आणि मार्टिन’चे अवशेष असतात, तो भाग वेगळाच. त्याला नियम माहीत नसतात असं नाही. ते वाक्यात उतरत नाहीत. त्यासाठी चौथ्यांदा तेच नियम सांगणं हा उपाय असता, तर पहिल्या तीन वेळांतच काम झालं असतं.

म्हणून आता मी मागून पुढे येते. अमेरिकेत विगिन्स आणि मॅकटाय या दोघांनी १९९८ साली या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. पण आपल्याकडे लग्नघरात हे सगळ्यांना ठाऊक असतं: आधी मुहूर्त धरायचा आणि तिथून मागं मोजत हळद, मेंदी, पत्रिका, बस्ता. कोर्सचा मुहूर्त म्हणजे शेवटी मुलानं काय लिहून द्यायचं ते. एकच गोष्ट ठरवायची. विज्ञान शाखेला प्रयोगाचा अहवाल, वाणिज्यला छोटा पाहणी-अहवाल. मी कला शाखेला शिकवते, म्हणून माझा मुहूर्त असा: ६०० शब्दांचा लेख, त्यात एक दावा, दोन संदर्भ, आणि ज्याचं जे घेतलं त्याचं श्रेय. याहून जास्त मागू नये. याहून कमी मागितलं तर तो शालेय निबंध होतो.

विषय मुलांच्या पायाखालचा द्यावा. मी एका वर्षी आठवडी बाजार दिला होता. पहिल्या खेपेला जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं की आठवडी बाजार ग्रामीण जीवनात फार महत्त्वाचा आहे. मी फळ्यावर ते वाक्य लिहिलं आणि विचारलं, ‘याला कोण नाही म्हणेल?’ कुणीच हात वर केला नाही. ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही, तो दावा नव्हे. ती फक्त सभ्यता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, बाजार वेशीतून उठवून हायवेला नेला, तेव्हापासून आमच्या आजीकडचं गिऱ्हाईक तुटलं.’ हा दावा. याला नाही म्हणता येतं, याला पुरावा मागता येतो, आणि यासाठी दोन संदर्भ शोधावे लागतात. शैक्षणिक लेखन म्हणजे काय, हे त्या तासाला सगळ्यांच्या ध्यानात आलं. व्याख्या द्यायची गरज उरली नाही.

मुहूर्त ठरला की मुलं आज कुठे आहेत ते पाहायचं. पहिल्या तासाला मी कोरा कागद देते आणि वीस मिनिटं: घरापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता इंग्रजीत लिहा. गुण नाहीत. घरी नेऊन मी चुका दुरुस्त करत नाही, नुसत्या मोजते आणि गठ्ठे लावते. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञानं १९६७ मध्येच म्हटलं होतं की शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या डोक्यात चाललेल्या व्यवस्थेचा पुरावा असतो. साठ कागदांवर तो पुरावा इतका सारखा असतो की हसू येतं. चुका मुलांच्या नसतात, मराठीच्या असतात. आणि आपल्याला मराठी येते, हा आपला मोठाच फायदा आहे.

यातल्या एका चुकीवर मी पूर्ण तास खर्च करते. मुलं लिहितात: ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू द बँक.’ ती हे का लिहितात? आपण बोलताना ‘काल मी बँकेत गेलो होतो’ असंच म्हणतो म्हणून. मराठीत ‘गेलो’ आणि ‘गेलो होतो’ दोन्ही चालतं, आणि झालेली, संपलेली गोष्ट सांगताना ‘गेलो होतो’ जास्त सहज येतं. इंग्रजीतला ‘हॅड’ मात्र एकटा येत नाही. त्याला समोर भूतकाळातलीच दुसरी घटना लागते, जिच्या आधी ही घडली. मी बँकेत पोचले त्याआधी बँक बंद झाली होती: तिथं ‘हॅड क्लोज्ड’. नुसतं काल बँकेत गेले तर ‘वेंट’. हे फळ्यावर दोन घटनांची रेघ काढून दाखवलं आणि मुलांना त्यांच्याच कागदातले ‘हॅड’ शोधायला लावले, की प्रत्येकाला आपापल्या कागदात तीन-चार सापडतात. पास्ट परफेक्टचं कोष्टक पाठ करून जे साधत नाही, ते इथं साधतं. कारण नियम पुस्तकातून न येता त्याच्या वाक्यातून आलेला असतो.

दुसरी चूक जोडीनं येणाऱ्या शब्दांची. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यायलाच हवा, ‘जर’ला ‘तर’ हवा. जोडी तुटली तर कानाला टोचतं. म्हणून ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’. इथं इंग्रजी दोघांपैकी एकालाच घरात घेते. आणि तिसरी चूक मला स्वतःला आवडते, कारण ती मराठीत चूक नाहीच: ‘रस्त्यानं चालताना पाऊस आला.’ चालत कोण होतं, हे मराठी वाचकाला विचारावं लागत नाही. हेच इंग्रजीत जसंच्या तसं उतरवलं, तर पाऊसच रस्त्यानं चालत येतो. इंग्रजीत सुरुवातीच्या त्या तुकड्याचा कर्ता पुढच्या मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. मुलं हे ऐकून खूप हसतात, आणि हसलेली चूक लक्षात राहते.

ए, ॲन, द यांच्याबद्दल मात्र मी प्रामाणिक राहते. मराठीत आर्टिकल नाही. त्याचं बरंचसं काम आपण ‘तो’, ‘एक’ आणि ‘-ला’ या प्रत्ययावर भागवतो. २४ तासांत आर्टिकल येत नाही. पहिल्यांदा उल्लेख आला तर ‘ए’, पुन्हा तीच वस्तू आली तर ‘द’, एवढंच सांगून मी पुढे जाते. ज्यांना वाचनाची सवय लागेल त्यांना पुढच्या पाच वर्षांत बाकीचं येईल.

आता तासांची वाटणी. सुरुवातीचे तीन-चार तास कागद आणि चुकांचे. त्यानंतर आठ तास परिच्छेदाला, कारण सगळं तिथं ठरतं: एका परिच्छेदात एक मुद्दा, पहिल्या-दुसऱ्या वाक्यात तो सांगणं, मग पुरावा, मग पुरावा मुद्द्याला कसा लागतो ते. व्याकरण यातच मिसळतं. पुरावा सांगताना भूतकाळ, सर्वसाधारण विधान करताना वर्तमानकाळ, सावधपणे बोलताना ‘मे’ आणि ‘मोस्ट’. आठवडी बाजाराबद्दल ‘ऑल फार्मर्स’ लिहिणाऱ्याला ‘मोस्ट फार्मर्स’ लिहायला शिकवणं हे व्याकरण आहे आणि विचारही आहे.

प्रस्तावनेसाठी एक तास पुरतो. जॉन स्वेल्स यांनी १९९० साली शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून तीन पायऱ्या दाखवल्या होत्या: हे क्षेत्र कोणतं, यात काय राहून गेलंय, आणि मी ते कसं भरणार. प्रथम वर्षाच्या मुलाला शोधनिबंध लिहायचा नाही. पण त्या तीन पायऱ्या तीन वाक्यांत बसतात, आणि ‘सिन्स टाइम इममेमोरियल’नं सुरू होणाऱ्या प्रस्तावना बंद होतात.

शब्दसंग्रहासाठी वेगळा तास ठेवू नये. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी ३५ लाख शब्दांचा शैक्षणिक मजकूर तपासून २००० साली ५७० शब्दकुळांची यादी केली: ॲनलाइझ, अझ्यूम, एव्हिडन्स, इंडिकेट, सिग्निफिकंट अशी. मी त्यातले दर आठवड्याला दहा शब्द देते आणि त्या आठवड्याच्या परिच्छेदात त्यातले निदान दोन वापरायला सांगते. पाठ केलेली यादी परीक्षेनंतर विरते.

संदर्भांचे सहा तास सगळ्यांत नाजूक. आपल्याकडे दुसऱ्याचं वाक्य उतरवणं म्हणजे अभ्यास, असं बारावीपर्यंत शिकवलं जातं. उत्तरपत्रिकेत गाईडची ओळ जशीच्या तशी आली तर पूर्ण गुण. त्याच मुलाला एका दिवसात ‘ही चोरी आहे’ म्हणणं अन्याय आहे. पुढे पीएचडीला तो यूजीसीच्या २०१८ च्या नियमांखाली येईल. तिथं १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यावर वाढत्या शिक्षा आहेत. पण तोवर थांबून कसं चालेल? मी वर्गात असं करते: एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, शेजारच्याला ते मराठीत सांगायचं, आणि मग इंग्रजीत लिहायचं. मराठीतून गेलं की मूळ वाक्य जिभेवरून उतरतं आणि आशय राहतो. काही सहकाऱ्यांना इंग्रजीच्या तासाला मराठी पसंत पडत नाही. त्यांनी एकदा हे करून पाहावं.

उरलेले तास कच्चा लेख, दुसरा लेख, तिसरा लेख. इथं पुन्हा आकडे पुढे येतात. ६० लेख, प्रत्येकी आठ मिनिटं, म्हणजे ४८० मिनिटं, म्हणजे आठ तास. तीन खेपा म्हणजे २४ तास. जितकं शिकवणं, तितकंच तपासणं, आणि हे वर्कलोडमध्ये कुठेच नसतं. म्हणून बहुतेकजण लिहून घेणंच टाळतात. त्यांना दोष देणं सोपं आहे.

यावर वाट काढावी लागते. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये असा दावा केला की लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्यानं फायदा होत नाही. त्यावरून वाद पेटला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. मला ते टोकाचं वाटतं. पण पानभर लाल शाई पाहून मूल फक्त गुण पाहतं आणि कागद घडी घालून खिशात ठेवतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा पहिल्या खेपेला मी फक्त दावा आणि परिच्छेद पाहते, व्याकरणाला हात लावत नाही. दुसऱ्या खेपेला वर्गानं ठरवलेल्या दोनच चुका, त्याही पहिल्या परिच्छेदातल्या. पुढच्या त्यानंच शोधायच्या. आठ मिनिटांची साडेतीन होतात. तिसऱ्या खेपेला बाकावरचा शेजारी आधी वाचतो. आणि पहिला कच्चा लेख वर्गातच, हातानं. मोबाइल काही सेकंदांत ६०० शब्द देतो. त्यात आजीचं तुटलेलं गिऱ्हाईक नसतं, आणि ते नाही हे मुलांनाही कळतं.

शेवटी प्रश्नपत्रिका. सगळा आराखडा ती एका फटक्यात मोडू शकते. सत्रान्ताला ‘चेंज द व्हॉइस’ आणि गाळलेल्या जागा विचारल्या, तर मुलं तेवढंच करतील, आणि त्यांचं बरोबर असेल. म्हणून अभ्यास मंडळाकडे मागायचं तर एवढंच मागा: निम्मे गुण लेखाला, आणि व्याकरणाचा प्रश्न दिलेल्या परिच्छेदातल्या चुका शोधून दुरुस्त करण्याचा. पुस्तक तेच राहू द्या, युनिटांची नावं तीच राहू द्या.

आणि पहिल्या तासाचा तो वीस मिनिटांचा कागद टाकू नका. मी तो कपाटात ठेवते आणि शेवटच्या तासाला ज्याचा त्याला परत देते, बरोबर एक पेन्सिल. दुरुस्ती त्यांनीच करायची असते.