रॅम किती आणि रॅम कुठे : सर्व्हरमधील मेमरी इंटरलीव्हिंग



बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळांची कामं हळूहळू कागदावरून संगणकावर येत आहेत. जुन्या स्मरणिका, वाचनालयाची सूची, सभासदांची नोंदवही, उत्सवांची छायाचित्रं हे सगळं एका जागी जपायचं तर सर्व्हर लागतो, आणि तो बहुधा देणगीच्या पैशातून येतो. कोटेशनवर नुसतं ‘१२८ जीबी रॅम’ लिहिलेलं असतं. पण तेवढ्याच रॅमचे दोन सर्व्हर कामाला सारखे असतीलच असं नाही. फरक कुठे पडतो, ते आज समजून घेऊ.

पंगतीचं उदाहरण घेऊ. भाताची मूद पानावर ठेवायला क्षणभर लागतो. पुढची मूद आणायला मात्र वाढप्याला स्वयंपाकघरापर्यंत जाऊन यावं लागतं. समजा चार वाढपी आहेत आणि वाढायचं पहिल्या पानापासून ओळीनं. पहिली दहा पानं पहिल्याची, पुढची दहा दुसऱ्याची अशी वाटणी केली, तर एक जण धावत राहील आणि तिघे उभे राहतील. त्याऐवजी पहिलं पान पहिल्यानं, दुसरं दुसऱ्यानं, तिसरं तिसऱ्यानं, चौथं चौथ्यानं आणि पाचवं पुन्हा पहिल्यानं वाढलं, तर एकाची फेरी होईपर्यंत बाकीचे वाढत असतात आणि पंगत थांबत नाही. मेमरी इंटरलीव्हिंग म्हणजे नेमकी हीच वाटणी.

आता सर्व्हरकडे वळू. आजचे बहुतेक सर्व्हर प्रोसेसर मेमरीतून एका वेळी ६४ बाइटांचा तुकडा उचलतात. डीडीआर४-३२०० जातीच्या रॅममधून तो वाहून आणायला २.५ नॅनोसेकंद पुरतात. पण रॅमच्या चिपमध्ये ‘बँक’ नावाचे स्वतंत्र कप्पे असतात, आणि एकाच बँकेतली एक ओळ बंद करून दुसरी उघडायची तर सुमारे ४५ नॅनोसेकंदांचं चक्र पूर्ण व्हावं लागतं. म्हणून सलग पत्त्यांवरची माहिती छोट्या तुकड्यांनी वेगवेगळ्या बँकांत आणि चॅनलांत पसरवतात. चॅनल म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यामधली स्वतंत्र वाट.

कल्पना जुनी आहे. सेमूर क्रे यांनी रचलेल्या १९६४ च्या सीडीसी ६६०० या महासंगणकात मेमरीच्या ३२ बँका होत्या. एका बँकेला पुन्हा तयार व्हायला १ मायक्रोसेकंद लागे, पण सलग पत्ते वेगवेगळ्या बँकांत असल्यामुळे दर १०० नॅनोसेकंदांनी नवी मागणी करता येई.

आता कोटेशनकडे पाहू. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेतल्या प्रोसेसरला ८ मेमरी चॅनल असतात. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनलची कागदावरची कमाल क्षमता सेकंदाला २५.६ जीबी. १२८ जीबी रॅम ३२ जीबीच्या ४ पट्ट्यांनी भरली, तर चारच वाटा चालू होतात : १०२.४ जीबी. तीच रॅम १६ जीबीच्या ८ पट्ट्यांनी, प्रत्येक चॅनलला एक अशी भरली, तर २०४.८ जीबी. आकडा तोच, वाटा दुप्पट. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळतं, पण प्रमाण ध्यानात यावं.

पट्ट्या एकसारख्या असणंही महत्त्वाचं. एका चॅनलवर ६४ जीबी आणि बाकीच्यांवर १६ जीबी असं केलं, तर सगळ्या चॅनलांत सारखी वाटणी होत नाही. काही भाग सगळ्या वाटांनी धावतो, उरलेला एकाच वाटेवर अडतो, आणि तेच काम कधी झटपट तर कधी रखडत होतं.

बायोसमध्ये ‘नोड इंटरलीव्हिंग’ नावाची आणखी एक सोय दिसते, तिची गल्लत करू नये. दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरमध्ये प्रत्येकाची स्वतःची रॅम असते. जणू तळमजला आणि माडी, आणि दोन्हीकडे आपापलं स्वयंपाकघर. नोड इंटरलीव्हिंग चालू केलं की माहिती दोन्ही मजल्यांवर सारखी पसरते, म्हणजे निम्मी पानं दुसऱ्या मजल्यावरून वाढली जातात. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम्स जवळची रॅम ओळखून वापरतात, त्यामुळे डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनसाठी ही सोय सहसा बंदच ठेवावी. चॅनलांमधलं इंटरलीव्हिंग मात्र चालूच असावं.

इंटरलीव्हिंग काय करत नाही, हेही सांगायला हवं. एकट्या मागणीला लागणारा वेळ त्यानं कमी होत नाही. एका वेळी पुष्कळ मागण्या पुऱ्या होतात, एवढंच. त्यानं माहितीची दुसरी प्रतही तयार होत नाही. उलट माहिती सगळ्या पट्ट्यांवर विखुरलेली असल्यामुळे एक पट्टी बिघडली तर सगळ्या कामांना धक्का बसू शकतो. म्हणून चुका ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम हवी आणि बॅकअप वेगळा हवा. शिवाय नुसत्या फाइल साठवायच्या असतील, तर अडचण बहुधा डिस्क किंवा नेटवर्कची असते. तिथे रॅमच्या मांडणीवर जास्त पैसे घालू नयेत. स्कॅन केलेल्या शेकडो पानांतून मजकूर ओळखणं, मोठा डेटाबेस, अनेक व्हर्च्युअल मशीन अशा कामांत फरक दिसतो.

तेव्हा सर्व्हर घेताना विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. प्रोसेसरला मेमरी चॅनल किती? पट्ट्या किती आणि प्रत्येकी किती जीबीच्या? त्या उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच स्लॉटमध्ये बसवणार का? पुढे रॅम वाढवायची झाल्यास मोकळे स्लॉट किती उरतील? सर्व चॅनल भरायला थोडा खर्च वाढतो आणि स्लॉट अडतात, म्हणून निर्णय कामाचं स्वरूप पाहूनच घ्यावा. सर्व्हर आधीच घेतलेला असेल, तर कोणत्या स्लॉटमध्ये किती रॅम आहे ते बहुतेक सर्व्हरांच्या बायोसमध्ये पाहता येतं.

आपल्या घरांतली कितीतरी मुलं-मुली याच क्षेत्रात काम करतात. खरेदीपूर्वी कोटेशन त्यांच्यापैकी कुणाला तरी एकदा जरूर दाखवावं. सभासदांनी विश्वासानं दिलेल्या पैशाचं चीज होण्यासाठी एवढी चौकशी आपण करायलाच हवी.