गुऱ्हाळाची काहील

भालकी, औराद, बसवकल्याण या बिदर जिल्ह्यातील तालुक्यांत, जेथे बाजारात कानडी, घरात मराठी आणि जुन्या दफ्तरांत उर्दू असा त्रिवेणी व्यवहार निजामाच्या अमदानीपासून चालत आला व 1956 साली मुलूख म्हैसूर राज्यात सामील झाल्यावरही सर्वस्वी मोडला नाही, तेथे हंगामात शिवारातून जाणाऱ्यास गुऱ्हाळाचा गोड, किंचित करपट वास दुरूनच गाठतो.

चरकातला रस काहिलीत पडला, भेंडीच्या चिकाने वर आलेली मळी झाऱ्याने निघाली आणि उकळी फुटली, की नवख्याला वाटते काम उरकले. वस्तुतः तेथून ते सुरू होते. जळव्या चुलवाणात चिपाड सारीतच असतो, ज्वाळा काहिलीचा तळ चाटीत असतात, आणि तरीही रसाचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहते. ही उष्णता जाते कोठे, याचा उलगडा ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या सातव्या दशकात केला आणि तिला सुप्त उष्णता म्हटले. एक किलो पाणी पंचवीस अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास 75 किलोकॅलरी पुरतात. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास 540 लागतात. शंभर किलो रसातून सुमारे ऐंशी किलो पाणी उडवायचे, म्हणजे जळणाचा मोठा हिस्सा या अदृश्य खात्यावरच खर्ची पडतो. पाणी सरत आले की तापमान चढू लागते. 118 अंशांच्या सुमारास गुळव्या चार थेंब थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो. थर्मामीटर त्याच्यापाशी नसतो, आणि तो क्वचितच चुकतो!

साखर कारखान्यात ही वाफ फुकट जात नाही. नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकन अभियंत्याने 1843 साली पेटंट घेतलेल्या रीतीने पहिल्या भांड्याची वाफ कमी दाबाच्या दुसऱ्या भांड्यातील रस उकळते, दुसऱ्याची तिसऱ्यातील. काहिलीची वाफ मात्र थेट आभाळात जाते.

म्हणून काहिलीला अडाणी ठरविणे मला अन्यायाचे वाटते, कारण तिचे जळण त्याच उसाच्या चिपाडातून येते. परंतु चिपाड अपुरे पडून जेथे लाकूड तोडावे लागते, तेथे हा बचाव टिकत नाही. अशा गुऱ्हाळवाल्यांनी धुराड्याच्या वाटेवर दुसरी काहील बसवून पुढच्या आधणाचा रस वाया जाणाऱ्या धगीवर आधीच तापवून घ्यावा.