शून्याची नोंद

शाळेत संगणक आला म्हणजे शिक्षण आधुनिक झाले, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, त्या संगणकाचे मुलांनी पुढे काय केले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तपासणीला आलेले अधिकारी यंत्रे मोजतात, पालक पडद्याकडे कौतुकाने पाहतात आणि मुख्याध्यापक प्रवेशद्वारावर ‘डिजिटल शाळा’ अशी अक्षरे रंगवून घेतात. या समाधानात मीही काही वर्षे सहभागी होतो. ते समाधान कसे ढळले, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत माझ्या नोकरीची अखेरची वर्षे गेली. २०१५ साली राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर खेडोपाडी लोकवर्गणीतून शाळा सजविण्याची एक लाटच आली. आमच्या गावानेही वर्गणी काढली. मुंबईत माथाडी कामगार म्हणून राबणाऱ्या गावकऱ्यांनी तिच्यात मोठा वाटा उचलला. एक संगणक, एक प्रोजेक्टर व भिंतीवरचा पांढरा पडदा इतके साहित्य आले. गावाने नारळ फोडून त्याचे स्वागत केले.

पहिल्याच वर्षी आम्ही ‘आमचा गाव’ या विषयावर एक प्रकल्प केला. छायाचित्रे, नकाशा, ग्रामदैवताची माहिती, सारे काही पडद्यावर एकामागून एक सरकत असे. केंद्राच्या प्रदर्शनात त्याची वाखाणणी झाली. परंतु खरे सांगायचे तर, त्यातील निम्मे काम माझे होते आणि उरलेले एका हुशार मुलाचे. त्याच्या घरी मोबाइल होता व त्याचा हात यंत्रावर सराईतपणे चालत असे. बाकीची मुले मागे उभी राहून पाहात होती. वर्गाचा म्हणून जो प्रकल्प मिरविला गेला, त्यात वर्ग कोठेच नव्हता. आणखी एक गोष्ट मला त्या वेळी खटकली नाही, ती पुढे खटकली. तो प्रकल्प वाचण्याची खरी गरज जगात कोणालाच नव्हती. आम्ही आमचाच गाव आम्हाला दाखवीत होतो.

२०१८ च्या जून महिन्यात आम्ही दुसरा प्रयत्न केला. डी.एड.च्या काळातील माझे एक सहाध्यायी रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक होते. दोन्ही शाळांतील पाचवी-सहावीच्या मुलांनी पावसाळाभर रोजचा पाऊस मोजावा आणि इंटरनेटवरील एकाच सामायिक तक्त्यात दोघांनी नोंद करावी, असे आमचे ठरले. साहित्य अगदी साधे होते. प्लॅस्टिकची सरळ उभी बाटली वरून कापून तिचे तोंड नरसाळ्यासारखे उलटे बसवायचे. बुडाचा खळगा भरेल इतके पाणी आधी ओतून त्या पातळीवर शून्याची खूण करायची आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे गणित मुलांनी अंगणात चौकट आखून समजून घेतले. पहिली बाटली त्यांनी कौतुकाने वळचणीखाली ठेवली होती. पागोळ्यांचे पाणी पाऊस म्हणून मोजले जाईल, हे एका मुलीच्याच लक्षात आले आणि बाटली मैदानाच्या मध्यावर गेली.

यंत्र एकाच्या हाती राहू नये, म्हणून चौघांचे गट पाडले. एकाने माप पाहायचे, दुसऱ्याने ते पुन्हा पाहायचे, तिसऱ्याने वहीत लिहायचे आणि चौथ्याने माझ्या मोबाइलवरून तक्त्यात भरायचे. दर आठवड्याला गट बदले आणि गटातील कामे हजेरीच्या क्रमाने फिरत. नेमून दिले नसते, तर मोबाइल आपोआप मुलांच्या हाती गेला असता व झाडलोट मुलींच्या वाट्याला आली असती. हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठला मोजणी होई. आमच्या वस्तीवर मोबाइलला रेंज नीट मिळत नसे. ती टेकडीवरच्या देवळापाशी मिळे. त्यामुळे नोंद भरण्यासाठी रोज एक छोटीशी चढण चढावी लागे.

कोकणात जूनमध्येच पाऊस कोसळू लागला. त्यांच्या रकान्यात साठ, पंच्याऐंशी, एकशेदहा असे आकडे पडत होते. आमच्याकडे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यांच्याकडे तीन हजारांच्या घरात. त्यात त्या वर्षी पावसाने आमच्याकडे पाठच फिरविली. आमच्या रकान्यात शून्यांची ओळ लागली. पहिल्या पंधरवड्यात मुले उत्साहाने देवळाकडे धावत. पुढे पुढे त्यांची पावले जड होऊ लागली.

जुलैतील एका दिवशी आमच्या रकान्यात चौदा मिलिमीटर पाऊस दिसला. त्या सकाळी मी स्वतः धुळीतून शाळेत आलो होतो. अशा तक्त्यांत कोणता बदल केव्हा झाला, याचा इतिहास साठविलेला असतो. तो उघडून पाहिला, तेव्हा आधी शून्य लिहून नंतर ते खोडल्याचे दिसले. खाते माझेच असल्याने नाव कळत नव्हते, पण वेळेवरून पाळी कोणाची ते कळले. सहावीतील एक अबोल, नेटकी मुलगी होती. मी तिला साऱ्या वर्गासमोर उभे केले आणि खोटी नोंद केल्याबद्दल कडक शब्दांत बोललो. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोबाइल हातात घेण्याचे नाकारले. मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बोलावून विचारले, तेव्हा ती खाली पाहात म्हणाली, “रोज शून्य लिहायची लाज वाटती, गुरुजी. तिकडची पोरं हसत असतील.”

तीस वर्षे शिकविल्यानंतर मला हे वाक्य ऐकावे लागले. यंत्राने मला कोणता आकडा केव्हा बदलला, ते बिनचूक सांगितले होते. तो का बदलला, हे सांगणे यंत्राच्या कक्षेतच नव्हते. ते विचारणे माझे काम होते आणि ते करण्यापूर्वीच मी निकाल देऊन मोकळा झालो होतो. त्याच दुपारी मी वर्गासमोर तिची क्षमा मागितली.

मग आम्ही शून्यावरच धडा घेतला. ‘शून्य लिहिण्याऐवजी रकाना कोरा ठेवला तर?’ असे एकाने विचारले. आम्ही ते करून पाहिले. दहा दिवसांत दोन दिवस मिळून तीस मिलिमीटर पाऊस पडला असेल, तर सरासरी तीन येते. आठ शून्ये पुसून रकाने कोरे ठेवले, तर तोच तक्ता सरासरी पंधरा दाखवितो, कारण कोरे रकाने तो हिशेबात धरीतच नाही. मुले चकित झाली. कोरा रकाना म्हणजे ‘आम्ही पाहिले नाही’ आणि शून्य म्हणजे ‘आम्ही पाहिले, पण पाऊस नव्हता’ हा भेद त्यांना त्या दिवशी समजला. आपल्या शून्यामुळेच दुष्काळ कागदावर दिसतो, हेही समजले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने १५१ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. त्यांत आमचा तालुका होता. अशा निर्णयांत पावसाची नोंद किती मोलाची असते, हे माझ्या मुलांना वेगळे समजावून द्यावे लागले नाही.

कोकणातल्या मुलांना आम्ही झालेला प्रकार कळविला. नाव अर्थातच सांगितले नाही. त्यांचे उत्तर आले ते असे की, त्यांचीही एक नोंद फसली होती. एका रात्री त्यांची बाटली भरून वाहिली आणि किती पाऊस झाला, ते मोजताच आले नाही. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी तसे प्रांजळपणे लिहून ठेवले होते. आम्ही ते वाचलेच नव्हते. पत्राच्या शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला होता : “तुमच्याकडे पाऊस नाही, मग तुम्ही पिण्याचे पाणी कोठून आणता?” आमच्या मुलांनी टँकरची हकीकत लिहिली. त्यावर पुढचे पत्र आले, ‘आमच्याकडेही मे महिन्यात टँकर येतो.’

या एका ओळीने आमचा वर्ग दोन दिवस अस्वस्थ होता. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात टँकर कशाला, हा प्रश्न आमच्या मुलांनी स्वतः उपस्थित केला. तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातून किंवा चित्रफितीतून आलेला नव्हता. उत्तर शोधताना कोकणातील उतार, जांभ्या दगडातून झरपणारे पाणी व समुद्राकडे धावणाऱ्या आखूड नद्या यांची माहिती तिकडच्या मुलांनी दिली. आमच्या मुलांनी आपल्या आईबापांनी उन्हाळ्यात श्रमदानाने खणलेल्या समतल चरांची व बांधांची मापे घेऊन पाठविली. पाऊस आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, या निष्कर्षाला दोन्ही शाळा मिळून आल्या. एकट्या कोणत्याही शाळेला तो हाती लागला नसता. सहकार्य या शब्दाचा अर्थ मला तेव्हा उमगला.

या अनुभवात नवे असे फारसे नाही, हे मला नंतरच्या वाचनातून कळले. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्याने फार वेळ बोलू न शकणाऱ्या सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२० च्या दशकात आपल्या खेड्यातील शाळेत एक लहानसा छापखाना आणला. मुले आपले अनुभव लिहीत, स्वतः खिळे जुळवीत आणि छापलेली पाने दूरच्या ब्रिटनी प्रांतातील शाळेला पाठवीत. तिकडून तशीच पाने येत. त्या काळचे ते नवे यंत्रच होते. परंतु फ्रेने यांनी ते मुलांना ऐकविण्यासाठी न आणता मुलांनी बोलावे म्हणून आणले आणि पलीकडे वाचणारा कोणीतरी आहे, याची व्यवस्था केली.

आपल्याकडील बहुतेक प्रयोगांत ही दुसरी बाजू दुबळी राहिली. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. तो पराक्रम थोरच होता. पण खेड्याने पाहायचे व दिल्ली-अहमदाबादने दाखवायचे, अशीच त्याची दिशा होती. पुढे प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॅपटॉप देण्याची कल्पना जगभर गाजली. आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट येथेही २००७ साली तिचा प्रयोग झाला. पेरू देशाने तर असे लॅपटॉप लाखोंच्या संख्येने वाटले. तेथील ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सव्वा वर्षाच्या वापरानंतर मुलांच्या गणितात व भाषेत काही सुधारणा त्यात आढळली नाही. यंत्र वाटणे सोपे असते. त्या यंत्रातून कोणाशी काय बोलायचे, हे ठरविणे अवघड असते.

याउलट उदाहरण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलेच आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या त्यांच्या कामाचा तेव्हा बोलबाला झाला. मला त्याहून लक्षणीय वाटले ते हे की, निरनिराळ्या, एकमेकांशी वैर असलेल्या देशांतील मुलांना परस्परांशी बोलते करण्याचा उपक्रमही त्यांनी चालविला होता आणि पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तंत्रापेक्षा माणसांमधील देवघेव त्यांना महत्त्वाची वाटली, असाच याचा अर्थ मी घेतो.

साधने नकोत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. मोबाइल नसता, तर कोकणचा पाऊस माझ्या मुलांना दिसलाच नसता. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता त्या मुलांचे शिक्षण कसे तुटले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. गरीब शाळेला यंत्र, वीज व जोडणी मिळालीच पाहिजे; तो तिचा हक्क आहे. परंतु शाळेची तपासणी करणाऱ्यांनी यापुढे यंत्रे मोजून थांबू नये. या यंत्रात मुलांनी स्वतः काय लिहिले, ते कोणी वाचले, त्याला उत्तर कोणी दिले आणि वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलीचा हात त्याला लागला का, हे चार प्रश्न विचारावेत. शिक्षकालाही अशा उपक्रमासाठी वेळ द्यावा. माहितीचे तक्ते वर पाठविण्यात ज्याचा दिवस सरतो, त्याने मुलांचा तक्ता केव्हा पाहावा?

ती मुलगी पुढे सप्टेंबरपर्यंत आपल्या पाळीला न चुकता टेकडी चढत होती. शेवटच्या आठवड्यातील तिच्या सातही नोंदी शून्याच्या आहेत. त्यांपुढे तिने शेऱ्याच्या रकान्यात रोज एकच वाक्य लिहिले आहे : ‘आज पाहिले, पाऊस नाही.’