दोन पदरांमधली जागा

"फुप्फुसात पाणी झालंय म्हणतात." एक्सरेचं पाकीट छातीशी धरून आलेला माणूस हे वाक्य बोलतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पाण्यानं भरलेला फुगा असतो. मी आधी शरीररचनाशास्त्र शिकवलं, मग छातीच्या आजारांच्या वॉर्डात गेलो. हे वाक्य दोन्हीकडे भेटलं, आणि त्यातली गफलत दूर करायची तर सगळी छाती उलगडून दाखवावी लागते. कारण क्षयासारख्या आजारात साठणारं ते पाणी फुप्फुसात नसतंच. ते असतं फुप्फुसाच्या बाहेर आणि छातीच्या भिंतीच्या आत, जिथे एरवी जागा अशी नसतेच, तिथे.

सुरुवात भिंतीपासून करू. गळ्याखालच्या खळगीत बोट ठेवा आणि छातीच्या मधल्या हाडावरून हळूहळू खाली आणा. चार-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी येऊन मिळते ती दुसरी. पहिली बरगडी हंसळीच्या हाडाआड दडलेली असते, म्हणून डॉक्टर मोजणी इथून करतात. याच पातळीवर, आत, श्वासनलिका दुभंगते. बरगड्यांच्या 12 जोड्या. वरच्या 7 थेट छातीच्या हाडाला जोडलेल्या, पुढच्या 3 वरच्या कूर्चेचा आधार घेतलेल्या, शेवटच्या 2 समोरून मोकळ्या. श्वास घेताना वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या पुढे उचलल्या जातात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला. शांत श्वासातलं मोठं काम मात्र त्यांचं नाही, ते खालच्या घुमटाकार स्नायूचं, श्वासपटलाचं. त्याची नस निघते थेट मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या मणक्यांच्या पातळीवरून. म्हणून यकृतातल्या गळवानं श्वासपटल चिडलं, की रुग्ण उजवा खांदा चोळत येतो आणि खांद्यात काहीच सापडत नाही.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते. तिच्यात शीर, रोहिणी आणि नस, याच क्रमानं, वरून खाली. सुई घालायची ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून, असं विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून बजावतात ते यासाठी. शरीररचना पाठ करणं नीरस वाटतं असं सांगणाऱ्या मुलांना मी ही पन्हळ दाखवायचो.

आता ती जागा. दुधाची जवळजवळ रिकामी, पण तोंड बंद असलेली पिशवी घ्या, तळाशी चार थेंब दूध उरलेली. तिच्यात बाहेरून मूठ दाबा. पिशवीचा एक पदर मुठीला लपेटेल, दुसरा बाहेर राहील, आणि दोहोंच्या मध्ये ते चार थेंब पसरतील. गर्भात फुप्फुसाचा अंकुर असाच एका बंद पिशवीत वाढत जातो. आतला पदर फुप्फुसाला चिकटलेला, बाहेरचा बरगड्यांना आणि श्वासपटलाला. फुप्फुस ज्या मुळापाशी हृदयाकडे जोडलेलं असतं, तिथे दोन्ही पदर एकमेकांत मिसळतात. मध्ये मोजके मिलीलिटर पाणी. पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत ही फट ठळक, रुंद काढतात. मला ती चित्रं खटकतात. निरोगी छातीत तिथे फट दिसत नाही. घासून एकात एक ठेवलेली दोन ओली ताटं आठवा: एकमेकांवर सरकतात, पण ओढून सुटत नाहीत.

आणि ओढ तर सतत चालू असते. फुप्फुस स्वभावानं आक्रसणारं, छातीचा पिंजरा स्वभावानं बाहेर उसळणारा. शांतपणे श्वास सोडून झाल्यावर या दोन ओढी समसमान होतात. त्या रस्सीखेचीमुळे मधल्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण 5 सेंटिमीटर पाण्याइतका कमी राहतो. भोसकल्यामुळे किंवा फुप्फुसावरचा एखादा फुगवटा फुटल्यामुळे तिथे हवा शिरली, की फुप्फुस मुळाकडे गोळा होतं आणि त्या बाजूच्या बरगड्या बाहेर सरकतात.

दोन पदरांचा स्वभावही वेगळा आहे. बाहेरच्याला वेदना कळते, आतल्याला नाही. बाहेरच्याला बरगड्यांमधल्या नसा येतात, म्हणून त्याला सूज आली की श्वासागणिक सुरी खुपसल्यासारखं दुखतं. फुप्फुसाच्या गाभ्याला मात्र हे दुखणं ठाऊकच नाही. कर्करोगाची गाठ आत महिनोन्‌महिने वाढते आणि माणूस सांगतो, "काही दुखत नव्हतं हो." यात त्याचा हलगर्जीपणा नाही, रचनाच तशी आहे.

दोन पदरांमधली ही जागा हत्तीत मात्र नसते. त्याच्या दोन पदरांमध्ये सैल संयोजी ऊती भरलेली असते. शरीर पाण्याखाली आणि सोंड वर, अशा अवस्थेत पोहणाऱ्या प्राण्याच्या नाजूक पदरावर पाण्याच्या दाबाचा ताण पडतो, म्हणून ही तरतूद असावी, असं श्वसनशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी मांडलं आहे.

माणसात फुप्फुसाची खालची कड आणि बाहेरच्या पदराची खालची कड यांत सुमारे दोन बरगड्यांचं अंतर असतं. शांत श्वासात फुप्फुस समोर, बाजूला आणि पाठीकडे अनुक्रमे सहाव्या, आठव्या, दहाव्या बरगडीपाशी थांबतं, पदर आठव्या, दहाव्या, बाराव्यापर्यंत जातो. पाणी पहिल्यांदा साठतं ते या कोपऱ्यात, आणि उभ्यानं काढलेल्या एक्सरेत तो टोकदार कोपरा बोथट दिसायला साधारण 200 मिलीलिटर पाणी लागतं. त्याआधी कामाला येतात बोटं. पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकत खाली यायचं. पोकळ आवाज एकदम बद्द झाला, की पाण्याची पातळी सापडली. छाती ठोकून पाहण्याची मूळ युक्ती 1761 साली व्हिएन्नात लेओपोल्ड आउएनब्रुग्गर यांनी छापली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव, पिंपात किती दारू उरली हे ठोकून ओळखतात हे लहानपणी पाहिलेले. त्यानंतर 1816 मध्ये पॅरिसला रेने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला कान लावला आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. क्षयाच्या छातीतले आवाज इतक्या बारकाईनं ऐकणारे लेनेक 1826 मध्ये, पंचेचाळिशीत, क्षयानंच गेले.

आपल्याकडे सुश्रुतानं शव गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला आणि मग कुंचल्यानं थर खरवडत पाहायला सांगितलं. या रीतीत हाडं, सांधे, स्नायुबंध उत्तम दिसणार. मऊ फुप्फुस मात्र तोवर टिकणं कठीण. सुश्रुतसंहितेत फुप्फुस हृदयाच्या डावीकडे आणि उजवीकडे 'क्लोम' नावाचा अवयव का येतो, यावर टीकाकार वाद घालत आले, त्याचं मूळ मला तरी या पाण्यात दिसतं. नव्या पद्धतीचं शवविच्छेदन कोलकात्यात 1836 मध्ये मधुसूदन गुप्त यांच्या हातून सुरू झालं, आणि 1845 मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडलं.

फॉर्मेलिनमधलं फुप्फुस पाहून मुलांची निराशा व्हायची: राखाडी, घट्ट, मेल्यासारखं. मग मी खाटकाकडून बोकडाचं ताजं फुप्फुस आणायचो. नळीत पंपाची रबरी नळी घालून हवा भरली, की कोमेजलेला गुलाबी गोळा कोपऱ्या-कोपऱ्यानं फुलायला लागे, रेषा-रेषांनी उमटत. पंप सोडला की आपोआप खाली बसे. वर्गात आवाज थांबायचा. माणसाच्या उजव्या फुप्फुसाचे 3 खंड, डाव्याचे 2, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यायची. श्वासनलिकेची उजवी शाखा जास्त रुंद आणि सरळ, म्हणून लहान मुलानं श्वासाबरोबर ओढलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडेच जातो. नळ्यांचे फाटे फुटतात सुमारे 23 वेळा, आणि शेवटी वायुकोश: साधारण 48 कोटी. त्यांचा पृष्ठभाग पसरला तर 70 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा फ्लॅट. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत ठिकठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. एवढे ओले बुडबुडे आपल्याच पृष्ठताणानं मिटायला हवेत. ते मिटत नाहीत, कारण आतून त्यांना साबणासारखा एक थर असतो. हा थर नसल्यानं अपुऱ्या दिवसांची बाळं श्वासासाठी झगडतात, हे मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी 1959 मध्ये दाखवलं. आज तो थर औषध म्हणून बाळाच्या नळीत सोडतात.

वॉर्डातली एक गोष्ट सांगतो. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, फुप्फुस बसलेलं, छातीत नळी, नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं. आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, बाहेरची परत शिरत नाही. श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. पुस्तकातला तो उणा दाब डोळ्यांनी दिसतो, तो इथे. त्याची आई दिवसभर बाटलीकडे बघत बसलेली. चौथ्या दिवशी सकाळी ती घाबरून धावत आली, "डाक्टर, पाणी हलंना झालंय."

नळी कुठे अडकली नव्हती, दुमडलीही नव्हती. एक्सरे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरून तिला दाखवला. फुप्फुसाची कड आता वेगळी दिसत नव्हती, सगळीकडून बरगड्यांपर्यंत पोचली होती. दोन पदर एकमेकांना टेकले होते, नळीतलं पाणी हलवणारी जागा मधे उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी नळी काढली.