नाइटस्काउट

नाइटस्काउट ही टाइप १ मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या शरीरातील ग्लुकोजची पातळी दूर असलेल्या काळजीवाहकाला इंटरनेटद्वारे दाखवणारी मुक्त स्रोत संगणकप्रणाली आहे. तिची सुरुवात २०१३–१४ या काळात अमेरिकेत झाली. मधुमेही मुलांचे पालक आणि स्वतः मधुमेह असलेले काही अभियंते यांनी ती स्वयंसेवी पद्धतीने उभी केली. नाइटस्काउट या नावाचा अर्थ रात्रीचा टेहळ्या किंवा पहारेकरी असा होतो. रुग्णाला उपयोगी पडणारे उपकरण त्याची काळजी घेणाऱ्यालाही तितकेच उपयोगी पडेल असे नाही, ही गोष्ट या प्रकल्पातून स्पष्टपणे पुढे आली. त्यामुळे काळजीवाहकांसाठी सुलभ आरोग्यसाधने कशी असावीत, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. त्यामुळे रुग्णाला आयुष्यभर बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. हा आजार अनेकदा बालवयात सुरू होतो. इन्सुलिनची मात्रा कमी पडल्यास रक्तातील ग्लुकोज वाढते आणि जास्त झाल्यास ते धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. सामान्यतः ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी ग्लुकोजला अल्पशर्करा म्हणतात. ५४ पेक्षा कमी पातळी गंभीर मानली जाते. थरथर, घाम आणि गोंधळलेपणा ही तिची सुरुवातीची लक्षणे होत. वेळीच साखर न मिळाल्यास आकडी येऊ शकते, शुद्ध हरपू शकते आणि क्वचित मृत्यूही ओढवतो.

लहान मुलाला ही लक्षणे ओळखून सांगता येत नाहीत आणि झोपेत तर ती त्याच्या लक्षातही येत नाहीत. म्हणून मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासण्यासाठी मध्यरात्री उठणे हा अनेक पालकांच्या दिनक्रमाचाच भाग असतो. अशा तपासणीतून केवळ त्या क्षणाची स्थिती कळते. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काय घडले, हे समजत नाही.

सतत ग्लुकोज मापन करणाऱ्या उपकरणांनी ही उणीव बरीचशी भरून काढली. या उपकरणात त्वचेखाली बसवलेला तंतूसारखा संवेदक पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. डेक्सकॉम कंपनीचे जी४ हे उपकरण दर पाच मिनिटांनी, म्हणजे दिवसाला २८८ वेळा, मोजमाप करून तो आकडा एका छोट्या रिसीव्हरवर दाखवत असे. मात्र संवेदक आणि रिसीव्हर यांच्यातील बिनतारी संपर्काचा पल्ला जेमतेम काही मीटर होता. मूल शाळेत आणि पालक कामावर असताना हा आकडा मुलाच्या दप्तरातच राही. माहिती उपलब्ध होती, पण तिच्यावर कृती करू शकणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचत नव्हती.

इतिहास

अमेरिकेच्या न्यू यॉर्क राज्यातील संगणक अभियंता जॉन कोस्टिक यांच्या मुलाला २०१२ मध्ये, वयाच्या चौथ्या वर्षी टाइप १ मधुमेह असल्याचे निदान झाले. कामावर असतानाही मुलाची ग्लुकोज पातळी पाहता यावी, यासाठी कोस्टिक यांनी २०१३ मध्ये रिसीव्हरमधील माहिती वाचून ती इंटरनेटवर पाठवणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे रिसीव्हरला केबलने जोडलेला एक साधा अँड्रॉइड फोन हे काम करू लागला. मूल जाईल तिथे रिसीव्हर आणि फोन एका छोट्या पिशवीतून त्याच्याबरोबर जात.

मधुमेही मुलाचे वडील असलेले अभियंता लेन डेस्बरो यांनी घरच्या वापरासाठी एक दर्शक प्रणाली तयार केली होती. नाइटस्काउट हे तिचेच नाव. वैद्यकीय उपकरणांतील माहिती बाहेर कशी काढता येईल, यावर बेन वेस्ट हे स्वतः मधुमेह असलेले संगणकतज्ज्ञ अनेक वर्षे काम करत होते. या स्वतंत्र प्रयत्नांतून सामाईक प्रकल्प आकाराला आला. नोव्हेंबर २०१३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात भरलेल्या मधुमेहविषयक बैठकीत ‘आम्ही आता थांबणार नाही’ या अर्थाची इंग्रजी घोषणा पुढे आली आणि ती या चळवळीचे ब्रीद ठरली. २०१४ मध्ये प्रणालीचा कोड सर्वांसाठी खुला झाला. फेसबुकवरील एका गटातून हजारो कुटुंबांनी ती स्वतः बसवून घेतली. तांत्रिक ज्ञान नसलेल्या पालकांना इतर पालक टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन करत.

कार्यपद्धती

संवेदकाकडून आलेले मोजमाप फोनवरील अॅपमधून एका डेटाबेसमध्ये साठवले जाते. सर्व्हर ते तेथून घेऊन कुटुंबाच्या स्वतंत्र वेबपृष्ठावर दाखवतो. हे पृष्ठ संगणक, टॅब्लेट किंवा फोन यांपैकी कशावरही उघडता येते. सुरुवातीच्या काळात पेबल या स्मार्ट घड्याळावरही आकडा दिसत असे. त्यामुळे बैठकीत किंवा वर्गात असलेल्या व्यक्तीला फोन हातात न घेता मनगटाकडे नजर टाकून तो पाहता येई.

रचनेची वैशिष्ट्ये

नाइटस्काउटचे मुख्य पृष्ठ काळजीवाहकाच्या चार प्रश्नांची उत्तरे देते.

आता पातळी किती आहे? सध्याचे मोजमाप पृष्ठावर सर्वांत मोठ्या अक्षरांत दिसते. अर्धवट झोपेतल्या माणसाला खोलीच्या दुसऱ्या टोकाकडूनही ते वाचता येते. आकड्याबरोबर रंगही वापरता येतात. रंगांधत्व असलेल्या व्यक्तींसाठी वेगळी रंगसंगती उपलब्ध आहे.

ती कोणत्या दिशेने जात आहे? आकड्याशेजारचा बाण ग्लुकोज वाढत आहे की घटत आहे, हे दाखवतो. ११० हा आकडा आडव्या बाणासह दिसल्यास तातडीने काही करण्याची गरज नसते. परंतु डेक्सकॉमच्या पद्धतीत खाली जाणारे दोन बाण म्हणजे दर मिनिटाला ३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा अधिक वेगाने होणारी घसरण. हा वेग कायम राहिल्यास ११० वरून १५ मिनिटांत पातळी ६५ च्याही खाली जाईल. एकाच आकड्याचे दोन पूर्णपणे वेगळे अर्थ असू शकतात आणि तो फरक बाणावरून कळतो.

ही माहिती किती जुनी आहे? दूरस्थ निरीक्षणात हा प्रश्न कळीचा ठरतो. फोनची बॅटरी संपली किंवा संपर्क तुटला, तर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. म्हणून मोजमाप किती मिनिटांपूर्वीचे आहे, हे नाइटस्काउट आकड्याजवळच नोंदवते आणि जुना झालेला आकडा खोडलेला दाखवते. मूळ मांडणीनुसार १५ मिनिटे नवे मोजमाप न आल्यास सूचना आणि ३० मिनिटे न आल्यास तातडीचा इशारा देता येतो.

कोणी काय केले? आई, वडील, आजी-आजोबा आणि शाळेतील परिचारिका असे अनेक जण एकाच मुलाची काळजी घेतात, तेव्हा एकाने दिलेले इन्सुलिन दुसऱ्याला ठाऊक नसल्यास मात्रा दुबार दिली जाण्याचा धोका असतो. यासाठी इन्सुलिन आणि आहारातील कर्बोदके यांची नोंद करण्याची सोय प्रणालीत आहे. शरीरात अद्याप किती इन्सुलिन कार्यरत आहे, याचा अंदाजही ती दाखवू शकते.

इशाऱ्यांची मांडणी

मूळ मांडणीत चार मर्यादा असतात. ग्लुकोज ८० च्या खाली किंवा १८० च्या वर गेल्यास साधा इशारा, तर ५५ च्या खाली किंवा २६० च्या वर गेल्यास तातडीचा इशारा मिळतो. प्रत्येक कुटुंबाला या मर्यादा बदलता येतात. इशारा काही मिनिटांसाठी तहकूबही करता येतो.

ही लवचिकता सोयीइतकीच सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. वारंवार आणि विनाकारण वाजणाऱ्या इशाऱ्यांची माणसाला सवय होते व तो त्यांकडे दुर्लक्ष करू लागतो. मूल संवेदक बसवलेल्या बाजूवर झोपल्यास त्या जागी दाब पडून प्रत्यक्षापेक्षा कमी मोजमाप दिसू शकते. अशा खोट्या इशाऱ्यांनी पालकांची झोप मोडते. उलट, मर्यादा फार सैल ठेवल्यास खरा धोका उशिरा कळतो. या दोहोंतील तोल प्रत्येक घरासाठी वेगळा असतो.

मर्यादा आणि आक्षेप

नाइटस्काउट हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिलेले वैद्यकीय उपकरण नाही आणि त्याच्या आधारे उपचाराचे निर्णय घेऊ नयेत, असे प्रकल्प स्वतःच नमूद करतो. पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज रक्तातील ग्लुकोजपेक्षा काही मिनिटे मागे असते. त्यामुळे झपाट्याने चढ-उतार होत असताना दोन्ही आकड्यांत तफावत पडते. एककांचाही गोंधळ होऊ शकतो. भारत आणि अमेरिकेत मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, तर ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटर हे एकक प्रचलित असून दोहोंत सुमारे १८ पटींचा फरक आहे.

प्रणाली बसवणे आणि चालू ठेवणे ही जबाबदारी कुटुंबावर पडते. अनेक कुटुंबे हेरोकू या कंपनीच्या मोफत सर्व्हर सेवेवर अवलंबून होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती मोफत सेवा बंद झाल्यावर त्यांना पर्यायी व्यवस्था शोधावी लागली.

गोपनीयतेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मूळ मांडणीत वेबपृष्ठाचा पत्ता माहीत असलेल्या कोणालाही माहिती वाचता येते. ती बंदिस्त करण्याची सोय आहे, परंतु त्यासाठी वापरकर्त्याला सेटिंग बदलावे लागते. याशिवाय चार वर्षांच्या मुलासाठी योग्य असलेली देखरेख पौगंडावस्थेतील मुलाला पाळत वाटू शकते. आकडा कोणी पाहावा आणि केव्हा विचारणा करावी, हे वयानुसार मुलाशी बोलून ठरवणे आवश्यक असते. हा निर्णय संगणकप्रणाली घेऊ शकत नाही.

प्रभाव

२३ जानेवारी २०१५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डेक्सकॉम शेअर या प्रणालीतील मोबाइल अॅपच्या विक्रीस परवानगी दिली. या अॅपमुळे रुग्णाची मोजमापे त्याने निवडलेल्या व्यक्तींना फोनवर पाहता येऊ लागली. आज अशी सोय अनेक व्यावसायिक उपकरणांमध्ये असते. स्वयंचलित पद्धतीने इन्सुलिनची मात्रा नियंत्रित करणाऱ्या ओपनएपीएससारख्या मुक्त स्रोत प्रकल्पांचे वापरकर्तेही दूरस्थ निरीक्षणासाठी नाइटस्काउट वापरतात.

नाइटस्काउटने मोजमापाचे कोणतेही नवे तंत्र शोधले नाही. संवेदक आधीपासून उपलब्ध होता आणि आकडाही अचूकतेच्या त्याच मर्यादेत होता. बदलले ते एवढेच की तो आकडा, त्याची दिशा आणि त्याचे वय या तिन्ही गोष्टी मदत करू शकणाऱ्या व्यक्तीच्या डोळ्यांसमोर आल्या.